लाईन गेली, मशीनही गेलं

२०२० च्या टाळेबंदीत पुण्याची खोली सोडून तुमसरला घरी आलो. लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, बॅटरी केव्हाच मेलेली. वायर निघाली की बंद. त्यात व्हर्च्युअलबॉक्सवर उबंटूचं एक आभासी मशीन होतं. वेब सर्व्हर, डेटाबेस, पीएचपीची हवी ती आवृत्ती, सगळं सहा महिने हाताने बसवत गेलो होतो. लिहून काहीच ठेवलं नव्हतं. चालतंय ना, मग कशाला?

रोवणीच्या दिवसांत एका संध्याकाळी पाऊस आला आणि लाईन गेली. परत आली तेव्हा त्या मशीनच्या डिस्कची फाईल उघडेना. कोड गिटवर होता, तो वाचला. पण चालवायचा कशावर? काय काय बसवलं होतं ते आठवण्यात चार दिवस गेले. एक सेटिंग तर अजून आठवलेली नाही.

मग आभासी मशीन फाईलवरून उभं करणारं व्हेग्रंट हे साधन शिकलो. मिचेल हाशिमोतोने २०१० मध्ये ते आणलं. नावाचा अर्थ भटक्या. एका साध्या फाईलमध्ये लिहायचं: कोणती बॉक्स (म्हणजे मशीनचा तयार साचा), किती रॅम, कोणते पोर्ट, आत काय बसवायचं. 'व्हेग्रंट अप' म्हटलं की तसं मशीन उभं राहतं. मी खूश होऊन एकदा असं उभं केलेलं मशीन 'डिस्ट्रॉय' म्हणून काढलं, नवं उभं केलं, आणि डेटाबेस रिकामा! सामायिक फोल्डरमधला कोड लॅपटॉपवर असतो, डेटाबेस मात्र मशीनच्या पोटात. 'डिस्ट्रॉय' केलं की तोही जातो. म्हणून आता डेटाबेसची प्रत रोज बाहेर काढतो.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. बसवण्याची स्क्रिप्ट 'अप' म्हटल्यावर पहिल्याच वेळी चालते. नंतर बदल केलात तर 'व्हेग्रंट प्रोव्हिजन' वेगळं सांगावं लागतं. मी दोन तास नसलेली चूक शोधत बसलो होतो. स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालते तेव्हा 'फोल्डर आधीच आहे' म्हणून अडू नये, अशीच लिहा; अ‍ॅन्सिबल या बसवणी करणाऱ्या साधनात हे बरंच आपोआप सांभाळलं जातं. बॉक्सची आणि पॅकेजांची आवृत्तीही फाईलमध्ये नेमकी लिहा. 'नवीनतम' लिहिलंत तर तीन महिन्यांनी भलतंच काही उतरतं.

गावाकडच्यांसाठी एक: बॉक्स शेकडो एमबीची असते, मोबाईलच्या दिवसभराच्या डेटाचा मोठा घास. एकदा चांगल्या नेटवर उतरवा, 'व्हेग्रंट पॅकेज'ने फाईल करा, पेनड्राईव्हवर ठेवा. मित्राच्या लॅपटॉपवर 'बॉक्स अ‍ॅड'ने ती चढते.

आणि फाईल लिहून झाली की तिच्यावर भरवसा ठेवू नका. डेटाबेसची प्रत काढा, मशीन मोडा, पुन्हा उभं करा. माझी स्क्रिप्ट पहिल्यांदा 'हो की नाही' या प्रश्नावर अडली. उत्तर द्यायला आत कुणी नव्हतं. मग हाताने ठेवलेला पासवर्ड आडवा आला, मग विसरलेलं एक पॅकेज. चौथ्या खेपेला मशीन उभं राहिलं.