लहान शाळेचा पट

गोरेगाव हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गाव. या बाजूच्या एखाद्या लहान वस्तीच्या शाळेत डोकावले असता पुष्कळदा एकाच खोलीत दोनतीन इयत्ता बसलेल्या आढळतात. पहिलीस मुळाक्षरे सांगावी, तो चौथीचा भागाकार अडून राहतो. शाळा अशी का झाली, असे विचारिले म्हणजे गावकरी गुरुजींकडे बोट दाखवितात व गुरुजी पालकांकडे. वाचकहो, आम्हांस वाटते की, याचे उत्तर हजेरीच्या पटात शोधावे.

दिवाळी सरली म्हणजे मराठवाड्यातील पुष्कळ गरीब कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. लेकरेही त्यांजबरोबर जातात. थोरली मुलगी तर धाकट्यास सांभाळावयास हवीच असते. ज्यांस थोडी ऐपत आहे ते आपल्या मुलांस इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवितात. (त्यांस दोष देणे सोपे आहे, आम्ही तो देत नाही.) अशा रीतीने पट घटतो, आणि घटलेला पट पाहून शाळेचे भवितव्य ठरते. सन २०१७ मध्ये दहांहून कमी मुलांच्या १,३१४ शाळा बंद करण्याचे राज्य सरकारने ठरविले होते. सन २०२३ मध्ये वीसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा कराव्या, असा विचार निघाला. कागदावर दोन गावांमधील अंतर थोडेच दिसते. आषाढात ओढा भरला म्हणजे सात वर्षांच्या मुलीस ते थोडे राहत नाही.

सन २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याअन्वये शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे व एकंदरीत निम्म्या स्त्रिया असाव्या. शाळेच्या विकासाची योजना करणे हे त्याच समितीचे काम होय. एवढा अधिकार हाती असता आपण काय करितो? वही घरी आली की अंगठा देतो, आणि सभा झाली असे लिहिले जाते.

निदान दिवाळीपूर्वीच्या सभेस आईबापांनी स्वतः बसावे. ऊसतोडीस जाणाऱ्यांच्या मुलांनी गावातच आजीआजोबांजवळ राहून शिकावे, म्हणून हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. तीत त्यांच्या जेवणाची सोय होते. परंतु अशा मुलांची नावे वेळेवर कळली पाहिजेत. ती यादी करण्यास मोठी विद्या लागत नाही. यंदा मुकादमाकडून उचल कोणत्या घराने घेतली, हे वस्तीत सर्वांस ठाऊक असते.