जुन्या नोंदींचें सार्थक

प्रसाधनें निर्धोक आहेत कीं नाहींत, हें पाहण्यासाठीं पूर्वीं तीं सशांच्या डोळ्यांत घालीत. ही परीक्षा अमेरिकेंत जॉन ड्रेझ ह्यांनीं १९४४ सालीं प्रसिद्ध केली. युरोपीय संघानें २०१३ सालीं प्राण्यांवर तपासलेल्या नव्या प्रसाधनांची विक्री बंद केली. भारतानेंहि २०१४ सालीं अशा परीक्षांस मनाई केली. मग नव्या द्रव्याची पारख कशी करावी?

ह्या कामीं जुन्या प्रयोगांच्या नोंदींचे संग्रह उपयोगी पडतात. मन्रो प्रभृति शास्त्रज्ञांनीं १९९६ सालीं ६१३ द्रव्यांच्या नोंदी एकत्र करून रचनेवरून त्यांचे तीन वर्ग पाडले. प्रत्येक वर्गांत, शेंकडा पांचच द्रव्यांची निरपाय मात्रा जिच्या खालीं येते, ती मात्रा घेऊन तिला १०० नें भागिलें. सर्वांत संशयित वर्गासाठीं माणशीं रोज ९० मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरली. शरीरांत ह्याहून कमी जाणाऱ्या द्रव्यासाठीं नव्या प्राण्यास क्लेश द्यावे लागत नाहींत. आनुवंशिक गुणांस इजा करणाऱ्या पदार्थांस मात्र ही मर्यादा लावीत नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, नोंद खोटी असेल तर संग्रहहि फसवील. म्हणून प्रयोगवहींतील प्रत्येक आंकडा आपण खरा लिहूं या. मुक्या जीवांनीं एकदां भोगलेल्या यातना पुनः कोणास भोगाव्या लागूं नयेत, ह्यांतच त्या नोंदींचें सार्थक आहे, असें आम्हांस वाटतें.