मोरीचे पाणी कोठे जाते?

विद्यार्थिमित्रहो, हा प्रश्न मी एकदा वर्गात विचारला, तेव्हा एकाने तत्काळ उत्तर दिले, "गटारात!" तेथून पुढे कोठे, असे विचारताच सारा वर्ग निरुत्तर झाला. ज्या वस्तूशी आपला नित्य संबंध येतो, तिच्याविषयीचे आपले ज्ञान घराच्या उंबरठ्याशीच थांबावे, हे बरे नव्हे. यास्तव आज ह्या पाण्याचाच माग काढू.

पुणे शहरास पाणी मिळते ते मुख्यत्वे खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर ह्या धरणांतून. कालव्याच्या वाटेने हेच पाणी दौंड व इंदापूर तालुक्यांतील शेतांसही जाते. म्हणजे आपण नळ उघडा टाकला की कोणा शेतकऱ्याच्या पाटातील पाणी तितके उणे होते. वापरलेले पाणी मुठेस मिळते. संगमावर मुळा व मुठा एक होतात. पुढे ती नदी भीमेस मिळते, आणि भीमेचे पाणी 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात साठते. शहरातील सर्वच सांडपाणी शुद्ध होऊन नदीत जाते, असे नाही. आणि सोलापूर शहर आपले पिण्याचे पाणी ह्याच उजनीतून घेते! तात्पर्य, आपल्या मोरीचे दुसरे टोक सोलापूरच्या घागरीत आहे.

मग ह्यास उपाय काय? पहिला उपाय आपल्या वाडवडिलांस ठाऊक होता. न्हाणीघराच्या मागे अळूचा वाफा, कर्दळ अथवा केळ असावयाचीच. तेथील माती व वाळू पाण्यातील मळ अडवून धरीत. मुळांभोवतीचे सूक्ष्म जीव त्या मळाचे विघटन करीत, व त्यातून निघालेली द्रव्ये झाडे शोषून घेत. आजही हीच युक्ती चालेल. थोडे गणित करा. बादलीत 15 लिटर पाणी मावते असे धरू. चार माणसांनी प्रत्येकी दोन बादल्यांनी स्नान केले, तर दिवसास 120 व महिन्यास 3,600 लिटर पाणी होते. हे पाणी बागेस द्यावे, अथवा शौचकूपात ओतावे. मात्र ते साठवून ठेवू नये. एकदोन दिवसांत त्यास दुर्गंधी सुटते व पुढे त्यात डास होतात. कच्च्या खाण्याच्या भाज्यांस ते घालू नये, आणि साबण व धुण्याची पूड बेताने वापरावी, कारण त्यांतील क्षार जमिनीस बाधतात.

दुसरी वस्तू खरकटे. पुण्यातील 'आरती' ह्या संस्थेने, म्हणजे अप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, खरकट्यावर चालणारे लहान जैववायू यंत्र तयार केले. तिचे संस्थापक डॉ. आनंद कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नातू. ह्या कार्याबद्दल संस्थेस 2006 साली इंग्लंडमधील ॲशडेन पारितोषिक मिळाले. ह्यामागील विचार मोठा सुबोध आहे. शेण म्हणजे जनावराने पोषणाचा अंश काढून घेतल्यावर उरलेला चोथा. म्हणून त्यापासून वायू थोडा व सावकाश निघतो. भात, पीठ, उकडलेल्या बटाट्याच्या साली ह्यांत ते पोषण शिल्लक असते. सबब तितकाच वायू मिळण्यास फारच थोडे खाद्य पुरते, व कामही लवकर होते. यंत्रातून बाहेर पडणारे पाणी झाडांस खत होते.

तिसरी वस्तू ऊन. पूर्वी घरोघरी स्नानाचे पाणी तापविण्यास तांब्याचा बंब पेटे. सांप्रत विजेचा हीटर चालतो. 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर नेण्यास 3,500 किलोकॅलरी उष्णता, म्हणजे सुमारे 4 युनिट वीज लागते. आता पुण्याच्या निरभ्र आकाशातून एक चौरस मीटर जागेवर दिवसभरात सुमारे 5 युनिटांइतकी उष्णता पडते. तिच्यातील निम्मी हाती लागली, तरी दोन चौरस मीटरांचा काळा पत्रा व त्यावर काच एवढ्याने हे काम होते. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते व थंड पाणी खाली येते, म्हणून पंपाचीही गरज नाही. वीज निर्माण करणाऱ्या सौर तावदानांनी मात्र उन्हातील सुमारे एकपंचमांश शक्तीच विजेच्या रूपाने मिळते. यास्तव पाणी तापविण्यास उष्णताच वापरावी व विजेने दिवे आणि पंखे चालवावेत.

हे सर्व खर्चाचे काम आहे, असे पालक म्हणतील, व ते काही अंशी खरेही आहे. सौर बंब, पावसाचे पाणी साठविणे, गांडूळखत अशा योजना करणाऱ्यांस पुणे महानगरपालिकेने मिळकतकरात सवलत ठेविली आहे. तिची चौकशी अवश्य करावी. परंतु मोरीशी एक बादली ठेवण्यास खर्च तो कोणता?

विद्यार्थ्यांनो, येत्या सुट्टीत एवढेच करा. सात दिवस घरातील स्नानाचे पाणी मोजा, वहीत टिपा, व त्यातील किती झाडांस दिले तेही लिहा. शेजारधर्म म्हटला की भिंतीपलीकडचे घर आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु ज्याच्या घागरीत आपले पाणी जाते तोही आपला शेजारीच, मग तो शंभर कोसांवर का राहीना.