भिवंडीहून एका पोर्तुगीज राजधानीत, पायी

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त लिस्बनला असतो. सुट्टीच्या दिवशी हातात नकाशा घेऊन तो एकटाच जुन्या शहरात भटकतो आणि आम्हाला फोटो पाठवतो. आमचं वय आणि खिसा पाहता आमचं तिकडे जाणं होईलसं वाटत नाही. टूरवाले आणि गाइड यांच्या मागे न धावता, आपल्या पायांनी आणि आपल्या चालीनं पाहता येईल असं एखादं जुनं युरोपीय शहर आपल्या आसपास आहे का? गोवा सोडून सांगा. — एक वाचक, अंजूरफाटा, भिवंडी

उत्तर : आहे, आणि तुमच्या अंजूरफाट्याहून खारबाव-कामणमार्गे चिंचोटीकडे जो रस्ता जातो, तोच तुम्हाला तिथं पोचवतो. ते शहर म्हणजे वसई.

आपण त्याला ‘वसईचा किल्ला’ म्हणतो आणि तिथंच आपली फसगत होते. किल्ला म्हटलं की माणूस तट बघतो, तोफ शोधतो, बुरुजावर फोटो काढतो आणि तासाभरात परततो. पण हा तट सुमारे ११० एकरांवर वसलेल्या एका अख्ख्या शहराभोवती घातलेला होता. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं दमणपासून चौलपर्यंतच्या मुलखाचा, म्हणजे त्यांच्या ‘उत्तर प्रांता’चा कारभार इथून चालला. गोव्याखालोखाल मान वसईचा. तटाच्या आत मुख्यतः खानदानी पोर्तुगीज राहत. जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर १६७०च्या दशकात इथं येऊन गेला. दुमजली घरं, झाकलेल्या गॅलऱ्या आणि काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या खिडक्या असं त्यानं वर्णन केलंय. आज ना छप्पर उरलं ना खिडकी, पण रस्ते, चौक, चर्चच्या भिंती आणि वेशी जागच्या जागी आहेत. नकाशा घेऊन फिरायला एवढं पुरतं.

जायचं कसं? भिवंडी रोड स्टेशनवरून दिवा-वसई मार्गाची गाडी धरा. खारबाव, कामण रोड, जुचंद्र आणि मग वसई रोड. गाड्या मोजक्याच आहेत, तेव्हा परतीची वेळ आधी पाहून ठेवा. वसई रोडला पश्चिमेकडून किल्ला बंदरची बस किंवा रिक्षा मिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यात आत रान माजतं आणि साप निघतात, एप्रिल-मेमध्ये काळा दगड तापतो. पाणी घरून न्या.

माझा आग्रह एवढाच की बसमधून वाटेत उतरू नका. थेट किल्ला बंदरापर्यंत जा आणि दर्या दरवाजातून आत शिरा. हे शहर समुद्राकडे तोंड करून बसलेलं होतं. गोव्याहून आलेला कॅप्टन, व्यापारी किंवा पाद्री खाडीतून याच दारानं आत येई. आज दाराबाहेर कोळ्यांच्या होड्या लागलेल्या असतात. जमिनीकडच्या दारानं शिरलात तर शहर पाठमोरं भेटेल.

आत आलात की आधी बालेकिल्ला गाठा. वसईतलं हे सगळ्यात जुनं पोर्तुगीज बांधकाम, १५३६च्या सुमाराचं. त्याच्या प्रवेशद्वाराशी थांबा आणि वर पाहा. दगडात पोर्तुगालची राजमुद्रा कोरलेली आहे, क्रूस आहे आणि एकमेकींत अडकवलेल्या कड्यांचा एक गोल आहे. ताऱ्यांच्या वाटा समजून घ्यायचं ते उपकरण. पोर्तुगालचा राजा पहिला मानुएल यानं ते आपलं चिन्ह केलं होतं. याचा फोटो काढून मुलाला पाठवा. लिस्बनमध्ये तेजो नदीच्या काठी बेलेंचा बुरूज आहे, त्यावर त्याला हाच गोल सापडेल; आणि त्या देशाच्या झेंड्यावरही तोच आहे. एकाच दरबारानं दोन टोकांना उमटवलेला हा शिक्का तुम्ही आणि मुलानं एकाच दिवशी पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

पुढे चर्च लागतात. सगळी पाहायचा हट्ट धरू नका, तीन पुरेत. जेझुइटांच्या चर्चचं दर्शनी तोंड सगळ्यांत देखणं. खांबांवरचं कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतं. वसईच्या परिसरातला हा काळा दगड इतका नावाजलेला होता की जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या दर्शनी भागाच्या कोरीवकामासाठी तो इथून गेला. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेले आणि १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला मारले गेलेले गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले ख्रिस्ती संत. त्यांच्या नावानं इथं आजही प्रार्थना होते. म्हणून आत आवाज जपावा. संत जोसेफच्या चर्चचा मनोरा लांबून दिसतो. त्याच्या जिन्यावर तरुण मुलं चढताना दिसली तरी तुम्ही चढू नका, दगड सुटलेले आहेत.

वेळ घालवायचा तो फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये. वर आभाळ आणि खाली जमिनीत बसवलेल्या कोरीव शिळा. लोक त्यांवरून चालत जातात, कारण ती फरशी वाटते. त्या थडग्यांच्या शिळा आहेत. जरा बाजूला उभं राहून वाकून पाहा : रोमन अक्षरं, घराण्याची ढाल, कुठं साल. ‘सेपुल्तुरा’ सापडलं तर ती कबर, आणि ‘हेर्देइरोस’ सापडलं तर कबरीवर वारसांचाही हक्क. इथं पुरलेली माणसं लिस्बनला परत जाण्याच्या बेतानं आलेली नव्हती. पोरा-नातवंडांच्या पुरण्याची जागासुद्धा त्यांनी वसईत राखून ठेवली होती. राजधानीचं शहर म्हणजे काय, हे मला या शिळांनी तटबुरुजांपेक्षा जास्त समजावलं. छप्पर नसलेलं चर्च पाहून मुलाला कार्मोचा मठ आठवेल. लिस्बनमधला तो मठ १ नोव्हेंबर १७५५च्या भूकंपात पडला आणि तसाच ठेवला गेला.

वसई मात्र भूकंपानं पडली नाही. ती का पडली, हे तुमच्या तालुक्याला ठाऊक असायलाच हवं. तुमच्या फाट्याला ज्या अंजूर गावाचं नाव आहे, तिथले गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ. पोर्तुगीज अमलात देवळं पाडली जात होती, सण-संस्कारांवर बंदी होती, धर्मांतरासाठी जाच होत होता. हा जाच सोसलेल्या नाईकांनी पेशव्यांना साष्टी-वसईची मोहीम घ्यायला लावली. साष्टीच्या बखरीत ती हकिगत आहे. १७३७च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाण्याचा कोट घेतला. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आज त्याच कोटात आहे. १७३९च्या फेब्रुवारीत चिमाजीअप्पांनी वसईला वेढा घातला.

वेढ्याची जागा पाहायला शहर ओलांडून उत्तरेच्या तटाकडे चालत जा. बाकी बाजूंना खाडी आणि दलदल, घट्ट जमीन फक्त इकडे. म्हणून मराठ्यांनी इथेच सुरुंग खणले आणि सेबास्तियान बुरुजाला खिंडार पाडलं. दोन्ही बाजूंची माणसं फार पडली. १६ मे १७३९ला तहाच्या अटी ठरल्या. पोर्तुगीजांना शस्त्रांनिशी, मानानं बाहेर पडू दिलं आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. वसईत आज मराठी बोलणारा, मराठीत लिहिणारा एवढा मोठा ख्रिस्ती समाज नांदतो, त्यामागे हेही एक कलम आहे. विजयाच्या कथा सांगताना आपण ते गाळतो. गाळू नये.

गाइड लागेल का? नाही. तुम्ही मुलाच्या नकाशाबद्दल लिहिलंत म्हणून सांगतो : डॉ. जर्सन द कुन्हा यांनी १८७६ साली चौल आणि वसईच्या अवशेषांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते जुनं असल्यामुळे इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. मुलाकडून वसईची पानं छापून घ्या आणि फोनवरच्या नकाशाशी पडताळत चाला. मराठीत य. न. केळकरांचं ‘वसईची मोहीम’ आहे, ते जुन्या वाचनालयात विचारा.

अंजूरचा नाईकांचा वाडा आणि सिद्धिविनायक वसईआधी एखाद्या संध्याकाळी पाहून घ्या. वज्रेश्वरीला मात्र वसईनंतर जा. देवीला तुम्ही गेलाच असाल, पण आता पायऱ्या चढताना वरचा नगारखाना आणि तटासारखी भिंत नीट बघा. वसई मिळाली तर देऊळ बांधीन, असा नवस चिमाजीअप्पांनी केला होता, तो हा असा फेडला गेला. आणि रिकाम्या मनोऱ्यांतल्या घंटा कुठं गेल्या हे तुम्ही वसईत नक्की विचाराल, म्हणून आत्ताच सांगतो : एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर आणि एक वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर.