सावित्रीच्या वाटेने येणारा समुद्र

समुद्राचे दर्शन घ्यावयाचे तर महाड-पोलादपूरकडील माणसास दूरचा प्रवास करावा लागतो, असा पुष्कळांचा समज आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हांस डोंगर जवळचा आणि समुद्र परका वाटावा, हे स्वाभाविकच होय. तथापि आम्ही समुद्राकडे गेलो नाही, तरी समुद्र मात्र अहोरात्रात दोन वेळा आमच्याकडे येत असतो. त्याची येण्याची वाट म्हणजे आपली सावित्री नदी.

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावून सावित्री पश्चिमेस उतरते. पोलादपुराजवळ ती दगडगोट्यांतून खळाळत, एकाच दिशेने धावते. महाडच्या पुढे मात्र तिचा स्वभाव पालटतो. दासगावच्या काठी काही वेळ स्वस्थ उभे राहिल्यास खाली जाणारे पाणी मंदावते, क्षणभर थबकते आणि मग उलट वर चढू लागते, असे दिसेल. बाणकोट व हरिहरेश्वर यांच्या दरम्यान असलेल्या मुखातून शिरलेली ही भरती चाळीस किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून येथवर येते. हिच्याच आधारे पूर्वी गलबते व मचवे खाडीतून वर येत, आणि महाड हे घाट व बंदर यांना जोडणारे व्यापाराचे ठाणे झाले.

भरती येते कशाने? चंद्र पृथ्वीस आपल्याकडे ओढतो. चंद्रासमोरील बाजूवर ही ओढ अधिक व पलीकडील बाजूवर कमी पडते. त्यामुळे दोन्ही बाजूंस सागरजलाला फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांतून जातो, म्हणून भरती दोनदा येते. चंद्रही पुढे सरकत असल्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी लांबते. अमावास्येस व पौर्णिमेस सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीस मिळते आणि पाणी फार चढते. यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ते कमी चढते. तो भांग होय. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेस पूर्ण भरती मध्यान्ही व मध्यरात्रीच्या सुमारास, तर अष्टमीस सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. कोळी बांधवांस याकरिता घड्याळ लागत नाही. तिथी कळली की वेळ कळली.

समुद्राचे सौंदर्य आणि सामर्थ्य एके ठिकाणी पाहावयाचे असेल, तर हरिहरेश्वरास जावे. तेथील डोंगराच्या पायथ्याचा काळा खडक लाटांनी व खाऱ्या वाऱ्याने असा कोरला आहे की, जागोजाग मधाच्या पोळ्यासारखी भोके पडली आहेत. लाट दिसते चंचल. परंतु एक मीटर लांब, रुंद व उंच एवढ्या समुद्रजलाचे वजन एक हजार किलोग्रॅमहून अधिक भरते. असे ओझे वर्षानुवर्षे आदळत राहिल्यावर पाषाणही झिजतो. तेथील प्रदक्षिणेची वाट ओहोटीच्याच वेळी चालावयाची असते. भरती लागली असता जो खडकावर रेंगाळतो, त्याचा परतीचा मार्ग पाणी अडविते. तेव्हा समुद्र पाहण्यास जाणाऱ्याने प्रथम तिथी पाहावी.

हे ज्ञान केवळ सहलीपुरते नाही. डोंगरात मुसळधार पाऊस कोसळत असता खाडीस उधाण आले, तर पुराच्या पाण्यास समुद्राकडे उतरण्यास वाव राहत नाही. ते तुंबते व गावात पसरते. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहरास महापुराने वेढले. त्या दिवशी आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर आलेली होती. आपत्तीचे मुख्य कारण घाटमाथ्यावरील अतिवृष्टी हे खरे. परंतु समुद्राच्या भरतीने पाण्याचा निचरा अडला, हेही तितकेच खरे. म्हणून पावसाळ्यात आकाशाकडे पाहताना पंचांगाकडेही पाहावे, हा धडा महाडकरांनी विसरता कामा नये.

विद्यार्थिमित्रहो, पावसाळा सरल्यावर वडील माणसांसह खाडीकाठच्या एखाद्या सुरक्षित जागी जा. एका पक्षाचे पंधरा दिवस शक्य तितक्या वेळा, पाणी केव्हा वळले व काठावर कोठवर चढले, ते तिथीसह वहीत टिपून ठेवा. पक्ष संपेल तेव्हा त्या आकड्यांतून चंद्राची चाल तुम्हांस स्पष्ट दिसेल. पालकांनीही या कामी मुलांस साहाय्य करावे. ज्या पाण्याच्या काठी आपली वस्ती आहे, त्याचे वेळापत्रक ठाऊक असणे हे शोभेचे ज्ञान नव्हे. प्रसंगी त्यावर घरदार व जीव अवलंबून असतो. समुद्राच्या सौंदर्याने मन मोहून जावे, हे योग्यच. पण त्याच्या नियमांचा अभ्यास करणारासच ते सौंदर्य निर्भयपणे पाहता येते.