‘स्नायपर एलीट ४’ : एका युद्धखेळाचे गुणदोष

विद्यार्थिमित्रहो, पडद्यावर खेळावयाचे युद्धखेळ आतां घरोघरीं पोहोंचले आहेत. त्यांविषयीं पालकांचीं दोन मतें आढळतात. कांहीं पालक असले सर्वच खेळ वाईट समजून ते बंद करतात. कांहीं पालक ‘मुलांचा खेळ तो, खेळूं द्या’ असें म्हणून तिकडे पाहतही नाहींत. पुस्तक न वाचतां त्याची परीक्षा करणें जसें योग्य नव्हे, तसेंच हेंही. म्हणून आम्हीं एकच खेळ घेऊन त्याचे गुण व दोष क्रमानें मांडण्याचें योजिलें आहे.

‘स्नायपर एलीट ४’ हा खेळ इंग्लंडांतील ऑक्सफर्ड येथील रिबेलियन या कंपनीनें २०१७ सालीं प्रसिद्ध केला. स्नायपर म्हणजे दडून बसून दुरून अचूक गोळी झाडणारा नेमबाज. खेळाची कथा १९४३ सालच्या इटलींत घडते. कार्ल फेअरबर्न नांवाचा गुप्तहेरखात्याचा हस्तक तेथील फॅसिस्टविरोधी लढवय्यांच्या साह्यानें जर्मनांचें एक नवें अस्त्र निकामी करूं पाहतो. खेळणारानें या कार्लची भूमिका घ्यावयाची असते.

प्रथम गुण पाहूं. पहिला गुण संयमाचा. येथें घाई करणाऱ्याचा निभाव लागत नाहीं. दुर्बिणींतून पहारेकरी किती व कोठें आहेत हें मोजावें लागतें. डोक्यावरून विमान जात असतां किंवा जवळ एखादें यंत्र घरघरत असतां गोळी झाडली, तर तिचा आवाज त्यांत लपून जातो. एकाच जागेवरून पुन्हां पुन्हां गोळ्या झाडल्या, तर शत्रु ती जागा हुडकून काढतो. आधीं निरीक्षण, मग विचार आणि शेवटीं कृति, ही शिस्त या खेळांत पाळावीच लागते.

दुसरा गुण पदार्थविज्ञानाचा. खेळाच्या अवघड पातळीवर गोळी सरळ रेषेंत जात नाहीं. समजा, ४०० मीटर अंतर तोडण्यास गोळीला ०·६ सेकंद लागले. तेवढ्या वेळांत गुरुत्वाकर्षणानें ती किती खालीं येईल? ९·८ ला ०·६ च्या वर्गानें गुणून त्याची निमपट केली, म्हणजे सुमारें १·७६ मीटर हें उत्तर येतें. हें अंतर धिप्पाड माणसाच्या उंचीइतकें झालें! म्हणून नेम तितका वर धरावा लागतो. शिवाय वाऱ्याचा हिशेब वेगळाच. वर्गांत नीरस वाटणारें सूत्र येथें डोळ्यांसमोर काम करतांना दिसतें. सर्वांत सोपी पातळी निवडणारा मात्र या धड्याला मुकतो.

तिसरा गुण असा कीं, हा खेळ इतिहासाविषयीं कुतूहल उत्पन्न करतो. त्यांतील अस्त्राची कथा कल्पित आहे. पण तिला खरा आधार आहे. ९ सप्टेंबर १९४३ रोजीं जर्मनांनीं ‘फ्रिट्झ एक्स’ नांवाच्या, रेडिओनें वळवितां येणाऱ्या बाँबनें ‘रोमा’ ही इटलीची मोठी युद्धनौका बुडविली होती.

आतां दोष. खेळांतील कार्ल एकटाच पलटणीच्या पलटणी गारद करतो. त्याला गोळी लागली तर पट्टी बांधली कीं तो पुन्हां धांवूं लागतो. प्रत्यक्ष युद्धांत असें नसतें. सीमो हायहा हा फिनलंडचा जगप्रसिद्ध नेमबाज. ६ मार्च १९४० रोजीं त्याच्या जबड्याला गोळी लागली. तो शुद्धीवर आला तों १३ मार्च उजाडला होता व लढाई थांबली होती. त्या जखमेची खूण त्याच्या चेहऱ्यावर जन्मभर राहिली.

परंतु सर्वांत मोठा दोष याहून निराळा आहे. नेम अचूक लागला कीं काळाची गति मंद होते. गोळी शत्रूच्या देहांत शिरते. आणि क्ष-किरणांच्या चित्रांत दिसावें त्याप्रमाणें हाडें मोडतांना व हृदय फाटतांना दिसतें. त्याबद्दल खेळणाराला गुणही मिळतात! विशेष हें कीं, याच खेळांत दुर्बीण रोखली असतां त्या शिपायाच्या खासगी आयुष्याविषयीं एखादी ओळ वाचावयास मिळते. क्षणभर तो शिपाई माणूस होतो आणि पुढच्याच क्षणीं त्याचा मृत्यु करमणूक ठरतो. ज्या हातांनीं ही ओळ लिहिली त्यांना सत्य ठाऊक होतें. पण खेळानें तें शेवटपर्यंत सांभाळलें नाहीं.

याच इटलीच्या भूमीवर आमच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील एक तरुण लढला. पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांचें वय तेव्हां अवघें २२ वर्षांचें होतें. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत शत्रूच्या मशीनगननें त्यांच्या तुकडीतील सर्व शिपाई मारले गेले किंवा घायाळ झाले. घाडगे एकटेच पुढें धांवले व त्यांनीं तें ठाणें जिंकलें. पण त्यानंतर दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनीं झाडलेल्या गोळ्या त्यांच्या छातींत व पाठींत शिरल्या, आणि जिंकलेल्या ठाण्यांतच त्यांनीं प्राण सोडला. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला. त्यांचें नांव कॅसिनो येथील स्मारकावर कोरलेलें आहे. विद्यार्थिमित्रहो, दुर्बिणीच्या कांचेतून दिसणारा माणूस आपल्या गांवचा असला, तर तें चित्र आपण मौजेनें पाहूं काय? आणि तो परक्या गांवचा असला, तर त्याचीही आई वाट पाहत नसेल काय?

आमचा निर्णय असा. बुद्धीला चालना देणारा हा खेळ चांगल्या बांधणीचा आहे. पण तो मुलांचा नव्हे. अमेरिकेंतील वर्गीकरण मंडळानेंही तो १७ वर्षांवरील खेळाडूंसाठींच ठरविला आहे. पालकांनीं खेळाच्या वेष्टनावरील वयाचा अंक अवश्य पाहावा. मोठा मुलगा खेळत असेल, तर घटकाभर त्याच्याजवळ बसावें. तीं क्ष-किरण दृश्यें बंद करण्याची सोय खेळांतच आहे. ती त्याला दाखवावी, आणि घाडग्यांची हकीकत सांगावी. ती ऐकल्यावर तो काय बोलतो, हें पालकांनीं लक्षपूर्वक ऐकावें.