अखंड सेवेच्या सर्व्हरसाठी साठवण आणि कॅश स्मृती : नियोजनाचा एक पाठ

आमच्या वसतिशाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टरच्या जुन्या वह्या आहेत. दरवर्षी जून महिन्यात माजी विद्यार्थी, कधी त्यांची मुले, त्यातील एका ओळीसाठी येतात. जन्मतारीख, जात, प्रवेशाचा दिनांक एवढीच ती ओळ. परंतु जात पडताळणी, शिष्यवृत्ती आणि नोकरी तिच्यावर अवलंबून असते. मागे या नोंदी संगणकावर चढवीत असता वीज गेली आणि दिवसभराचे काम नाहीसे झाले. वह्या शाबूत होत्या म्हणून निभावले. आता या नोंदी सर्व्हरवर नेण्याचा विचार चालू आहे. म्हणून, इतिहासाचे शिक्षक असूनही, आम्ही हा विषय अभ्यासला.

एका यंत्रात सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक स्वतंत्र संगणक चालविणे म्हणजे आभासीकरण. ही कल्पना जुनीच. आयबीएम कंपनीची व्हीएम/३७० प्रणाली १९७२ सालची. एक सर्व्हर बंद पडताच त्यावरील आभासी यंत्रे दुसऱ्यावर आपोआप सुरू व्हावीत, हीच अखंड उपलब्धता. त्यासाठी माहिती दुसऱ्या सर्व्हरलाही मिळाली पाहिजे.

संथ, मोठ्या स्मृतीपुढे वेगवान, लहान स्मृती ठेवावी, हा कॅशचा विचार मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये मांडला. एसएसडीचा पाया असलेली फ्लॅश स्मृती तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे ठेवली. आज वेगवान एसएसडी कॅशचे आणि मोठ्या क्षमतेच्या डिस्क साठवणीचे काम करतात.

कॅशचे दोन प्रकार लक्षात घ्यावेत. वाचनाची कॅश म्हणजे कपाटातून काढून टेबलावर ठेवलेली नेहमीची पुस्तके. टेबल मोडले तरी पुस्तकाची मूळ प्रत कपाटात असते. लेखनाची कॅश म्हणजे लिपिकाची कच्ची वही. पक्क्या रजिस्टरात उतरण्यापूर्वी ती भिजली तर नोंद कायमची जाते. म्हणून लेखनाची कॅश एकाच सर्व्हरवर कधीही ठेवू नये. दोन सर्व्हरवर नोंद झाल्यावरच ‘लिहिले’ असे उत्तर मिळावे. वीज गेल्यावर हातातील लेखन पुरे करण्यापुरती ऊर्जा धरून ठेवणारे कपॅसिटर ज्यात आहेत, अशीच एसएसडी घ्यावी.

दुसरा प्रश्न आयुष्याचा. फ्लॅश लेखनाने झिजते. ९६० जीबीची, पाच वर्षे रोज एकदा पूर्ण लिहिण्याची हमी असलेली एसएसडी सुमारे १,७५२ टीबी लेखन सोसते. तीवर रोज २ टीबी लिहिले गेले तर ८७६ दिवसांत, म्हणजे अडीच वर्षांच्या आत, ती मर्यादा संपते. कॅशवर लेखनाचा भार सर्वाधिक, म्हणून तेथे अधिक टिकाऊ प्रकार हवा. एकाच वेळी बसविलेल्या, सारखेच लेखन सोसणाऱ्या जोडीतील दोन्ही डिस्क जवळजवळ एकाच सुमारास झिजतात. त्यांची बदली आगेमागे करावी.

तिसरा प्रश्न क्षमतेचा. तीन सर्व्हर, प्रत्येकी ८ टीबी, म्हणजे एकूण २४. प्रत्येक माहितीच्या दोन प्रती ठेवल्या की उरतात १२. एक सर्व्हर गेल्यावर उरलेल्या दोहोंत दोन्ही प्रती पुन्हा उभ्या राहाव्यात, तर १६ चे निम्मे, ८. चौथा हिस्सा मोकळा ठेवला की प्रत्यक्ष वापरासाठी ६ टीबी. रॅमचाही हिशेब असाच : कोणताही सर्व्हर दोन तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. खरेदीच्या पत्रकात २४ हा आकडा दिसतो. नियोजन मात्र ६ वर करावे.

आणि एक इशारा. अखंड उपलब्धता म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली नोंद दोन्ही प्रतींतून त्याच क्षणी पुसली जाते. म्हणून वेगळ्या जागी वेगळी प्रत हवी, आणि ती परत उतरवून पाहण्याची सवय हवी.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण या क्षेत्रात आहेत. त्यांना विनंती, की शाळेची यंत्रणा उभी राहील त्या दिवशी त्यांनी यावे आणि आमच्या देखत एका सर्व्हरची वायर काढून दाखवावी. तरीही दाखला निघाला, तर काम झाले असे आम्ही मानू. वह्या मात्र आम्ही तोवरही जपू आणि त्यानंतरही.